सहा वर्षांची मुदत, सहा महिन्यांचा विषय

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीनुसार पीएच.डी. किमान तीन आणि कमाल सहा वर्षांत उरकायची. शिवाय फेरनोंदणीची दोन वर्षं आहेतच. इतिहासवाल्यांना हे ठीक. शिवकाल कुठे पळून जात नाही. पंचाईत कॉम्प्युटर सायन्सवाल्याची. २०१६ साली कुणी यांत्रिक भाषांतरावर नाव नोंदवलं असेल, तर पुढच्याच वर्षी ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाचं नवं भाषा-प्रारूप आलं आणि मुदत संपता संपता चॅटजीपीटी. रूपरेषा मात्र मंजूर, शिक्का बसलेला. शीर्षकातला एक शब्द बदलायचा म्हटलं तरी अर्ज, मग समितीची बैठक, मग बैठकीची गणपूर्ती!

कागदावर सगळं चोख आहे. प्रवेश परीक्षा, किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क, त्यात संशोधनाच्या नीतिमत्तेचा पेपर. दर सत्रात सल्लागार समितीपुढे प्रगती दाखवायची. प्रगती म्हणजे अचूकता ९१.२ वरून ९१.६ टक्क्यांवर गेल्याची स्लाइड, आकडा ठळक केलेला. समितीतलं कुणीतरी विचारतं, “पण याचा समाजाला उपयोग काय?” तेवढ्यात चहा येतो.

प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य सापडलं तर शिक्षा नाही. त्याहून जास्त निघालं की वाक्यं उलटीपालटी करून यंत्राला चकवायचं. संगणकाचं एवढं उपयोजन मराठी विभागापर्यंतही पोचलंय.

शोधनिबंध छापायची सक्ती आयोगाने २०२२ मध्ये उठवली. पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांच्या पोटावर पाय येणार, असं वाटलं होतं. छे! गाइडच्या बढतीला निबंध लागतातच की.