एक गोळी, दोन नावं

माझं ब्लडप्रेशर वाढलंय असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला जरा बरंच वाटलं, कारण नोकरीच्या चौतीस वर्षांत माझं दुसरं काहीच वाढलं नव्हतं. रोज सकाळी एक गोळी, एवढंच काम. पण एका सोमवारी ती गोळ्यांची पट्टी घरातून नाहीशी झाली. देव्हारा, पंचांग, तांदळाचा डबा असं सगळं धुंडाळून, हिची बोलणी खाऊन, चिठ्ठी घेऊन मी कोलाड नाक्यावरच्या मेडिकलात गेलो.

"काका, या कंपनीची नाहीये," दुकानातला पोरगा म्हणाला. "तेच औषध दुसऱ्या कंपनीचं आहे, पण चिठ्ठीवर हे नाव आहे ना, मला बदलून देता येत नाही."

झालं! मी चष्मा काढून काउंटरवर आपटला आणि व्याख्यानच सुरू केलं. वाणी एक साबण नसला तर दुसरा देतो, भाजीवाली मेथी संपली तर पालक गळ्यात मारते, मग तुलाच काय धाड भरलीय?

"साबणाला शेड्यूल एच नसतं, काका." 1945 च्या औषध नियमांतला 65 वा नियम त्याला तोंडपाठ होता: शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणारं, औषध चिठ्ठीवर असेल तर दुकानदाराने त्याच्या बदल्यात दुसरं द्यायचं नाही, आतला घटक तोच असला तरी. डॉक्टरांनी कंपनीचं नाही, औषधाचं मूळ नावच लिहावं असा नियम 2023 च्या ऑगस्टमध्ये आला आणि त्याच महिन्यात थांबवलाही गेला. "कोलाडहून ट्रक रेल्वेवर चढतो आणि गोव्यात वेरण्याला उतरतो, आतला माल तोच ना? तसंच हे. पण चिठ्ठी बदलायचा हक्क डॉक्टरांचा."

मी तणतणत टमटम पकडून रोह्याला गेलो. डॉक्टरांनी नवी चिठ्ठी लिहिली आणि "औषध तेच आहे, फक्त मूळ नावाने लिहिलंय" असं बजावलं. मी मान डोलावली. साहेब बोलत असताना ऐकायचं नसतं, मान डोलवायची असते, ही चौतीस वर्षांची सवय. जेनेरिकच्या दुकानात गोळ्या इतक्या स्वस्त मिळाल्या की टमटमचं भाडंच जास्त झालं.

संध्याकाळी जुनी पट्टी सापडली. चष्म्याच्या घरात. सकाळी मीच ठेवली होती म्हणे.

आता घरात दोन चिठ्ठ्या, दोन पट्ट्या, दोन वेगळी नावं. पैसे मोजून आणलेली वस्तू वाया घालवायची आमच्या घराण्यात रीत नाही, म्हणून मी एक सकाळी आणि एक रात्री असा न्याय केला. पट्टीवरची अक्षरं दिसत नव्हती, पण चष्मा हरवणं ही आमच्याकडे बातमी नसते.

आठव्या दिवशी चप्पल पायात जाईना. भिऱ्याहून पाणी सुटलं की कुंडलिका नदी जशी फुगते तसे दोन्ही घोटे फुगले होते, फरक एवढाच की राफ्टिंगला कोणी येत नव्हतं. हिने दोन्ही पट्ट्या माझ्या हातात कोंबल्या आणि मला नाक्यावर पिटाळलं.

पोराने पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या. कंपन्या दोन, पण दोन्हींवर ठळक अक्षरांत एकच नाव: अ‍ॅम्लोडिपिन, 5 मिलिग्रॅम. "दुप्पट डोस घेताय, काका. या औषधाने पाय सुजतात. आधी डॉक्टरांना फोन लावा." मग हळूच म्हणाला, "मूळ नाव कंपनीने दिलेल्या नावापेक्षा निदान दोन आकार मोठं छापायचं, असा 2018 पासून नियमच आहे. तुमच्यासारख्यांसाठीच."

"अरे, पण मला दिसायला नको?"

त्याने खण उघडला आणि माझा चष्मा पुढे केला. आठ दिवस तो तिथेच पडला होता.

डॉक्टरांनी एक गोळी बंद केली आणि सूज उतरली. तेव्हा मंडळी, चिठ्ठी बदलली की जुनी पट्टी चालू ठेवायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, आणि पट्टीवरचं मोठ्या अक्षरांतलं नाव वाचा. त्याआधी चष्मा कुठे आहे ते बघा.