भटक्यांनी जागेवर बसल्याचा पुरावा आणावा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेसरीत पाहुणा आला की प्रतापराव गुजरांच्या स्मारकापुढं फोटो काढतो आणि परत फिरतो. पश्चिमेला आजरा-चंदगडच्या डोंगरात धनगरवाडे आहेत, तिकडं वाट वाकडी करून कोण जातंय! कुडाच्या भिंती, वर गवत नाहीतर पत्रा, एकाच छपराखाली माणसं आणि म्हशी. पावसाळ्यात ऊब म्हशींचीच.

सरकारला हे बघवत नाही. म्हणून प्रधानमंत्री आवास योजना आहे, भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. घर 269 चौरस फूट, डोंगरी भागात मूळ अनुदान 1 लाख 30 हजार रुपये. नकाशात म्हशींना जागा नाही. त्या बहुधा दारिद्र्यरेषेच्या वर असाव्यात. रस्ता नाही, म्हणून सिमेंट डोक्यावरनं वर चढतं आणि हप्त्यासाठी काढलेला बांधकामाचा फोटो रेंज शोधत खाली उतरतो.

अर्थात हे सगळं जागा नावावर असेल तर. वाडा वनखात्याच्या हद्दीत असला की सातबारा विसरा. त्यावरही 2006 चा वनहक्क कायदा आहे. आदिवासींना 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा पुरतो. गवळी धनगर मात्र सरकारी यादीत भटक्या जमाती ‘क’. त्यांनी त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथंच राहिल्याचं दाखवायचं. साल येतं 1930.

म्हणजे जातीच्या दाखल्यावर भटके, आणि घर मागायला गेलं की पाऊणशे वर्षं जागचे हललो नाही हे सिद्ध करा! दोन्ही कागद एकाच फायलीत लावायचे.

‘भाऊसाहेब, 1930 ला आमाला कागद कुणी दिला असता?’

‘ते तुमचं तुम्ही बघा, मामा.’

तेव्हाचं चंदगड तरी कुठं इथलं? ते बेळगाव जिल्ह्यात होतं, 1956 ला कोल्हापुरात आलं. तालुका भटका निघाला, धनगर जागच्या जागी. वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, नियमातच तशी सोय आहे. फक्त 1930 मध्ये कळता असलेला म्हातारा आज शंभरी ओलांडलेला हवा, आणि कचेरीचा जिना चढणारा.

याच रानात कर्नाटकातून हत्ती आले, त्याला दोन दशकं होऊन गेली. त्यांनी ऊस खाल्ला तर शेतकऱ्याला भरपाई मिळते. त्यांच्याकडं रहिवासी पुरावा मागितल्याचं ऐकिवात नाही. 75 वर्षांच्या अटीत तेही बसत नाहीत. पण नोटीस घेऊन जाणार कोण?