उपासाचं पिठलं

मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान जातं हे कळल्यावर आत्याने एकच प्रश्न विचारला, "तिथे खायला काय?" मी म्हणालो, "बघू की तिथे गेल्यावर." आत्याने ताबडतोब मेतकूट, खाकरे, गूळपोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी बॅगेत भरली. स्वेटर मात्र भरला नाही. आफ्रिका म्हणजे ऊन, अशी तिची ठाम समजूत. इथिओपियाची ही राजधानी महाबळेश्वरच्याही हजारभर मीटर वर आहे, हे विमानातून उतरताच तिच्या सुती साडीला कळलं.

पोहोचलो त्या दिवशी शुक्रवार होता. गल्लीतल्या एका खानावळीत शिरलो. पाटीवरची अम्हारिक अक्षरं कवायत करणाऱ्या पोरांसारखी हातपाय पसरून उभी होती. वेटरने विचारलं, "फास्टिंग?"

"छे, आज माझा उपास नाही," आत्या म्हणाली.

त्यावर त्याने कोंबडीचा रस्सा, परतलेलं मांस, मग मसाला लावलेला कच्चा खिमा अशी यादी सुरू केली. आत्याचा चेहरा बघून मी ओरडलो, "फास्टिंग, फास्टिंग! दोघंही!"

इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, शिवाय ईस्टरच्या आधी सलग 55 दिवस. उपास म्हणजे मांस, अंडी, दूध, लोणी सगळं बंद. बाकी काय आहे, असं विचारल्यावर तो म्हणाला, "शिरो."

"माग, माग," आत्या खुलली. "प्रवासाची सुरुवात गोडाने होऊ दे."

मातीच्या भांड्यात रटरटणारा लालभडक शिरो आला. शिऱ्याच्या अपेक्षेने तोंडात टाकलेला पिठल्याचा घास कसा लागतो, ते आत्याच्या भुवयांवरून कळलं. पिठलंच ते! हरभऱ्याचं पीठ, कांदा, लसूण आणि बर्बेरे नावाचा तिखट मसाला. पाणी पिऊन झाल्यावर आत्या म्हणाली, "फोडणीत कढीपत्ता हवा होता." म्हणजे आवडलं.

सोबत इंजेरा. खसखशीएवढ्या टेफ नावाच्या धान्याचं पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेली, परातीएवढी आंबोळी. उलटत नाहीत, एकाच बाजूने भाजतात. आत्याने ती उजेडात धरली. "जाळी सुरेख पडलीय." आमच्या घरात एकाही सुनेला हे प्रशस्तिपत्र आजवर मिळालेलं नाही. मग ती ताट शोधू लागली. इंजेराच ताट होतं. त्यावर मसुराचं वरण, हळदीची डाळ, कोबी-बटाटा, पालेभाजी, बीट असे ढीग वाढलेले. सगळं संपल्यावर रश्शात भिजलेलं ताट खायचं, आणि खरी चव तिथेच असते. घासायला भांडी उरत नाहीत, याचं आत्याला जास्त कौतुक.

"पण उपासाला मसूर? वर कांदा?" तिला राहवेना. मग तिने दही मागितलं. वेटर गंभीर झाला. "मॅडम, तुम्ही फास्टिंग आहात ना?"

मालकीण लांबून बघत होती. ती आली, इंजेऱ्यात भाजी गुंडाळून लाडूएवढा घास केला आणि सरळ आत्याच्या तोंडात कोंबला. याला गुर्शा म्हणतात. नाही म्हणायचं नसतं. आत्याला म्हणता आलंही नसतं. "लग्नात यांनी भरवला होता," ती नंतर म्हणाली, "पण तेव्हा निदान नाव घ्यायला वेळ दिला होता."

पुढच्या बुधवारी संकष्टी आली आणि दोन धर्मांचे उपास समोरासमोर उभे ठाकले. त्यांना डाळ चालते, दूध नाही. आत्याला दूध चालतं, डाळ नाही. दोघांना चालणारी वस्तू एकच निघाली: बटाटा. ती उकडून आली. दुपारी मालकिणीने कॉफीला बोलावलं. जमिनीवर हिरवं गवत पसरलेलं, धूप जळतोय, निखारे फुललेले. आत्याने पूजा समजून चपला बाहेर काढल्या. कॉफीचे हिरवे दाणे तिथेच भाजून त्यांचा धूर नाकाशी आणतात, कुटतात, मातीच्या सुरईत उकळतात आणि तीनदा देतात: अबोल, तोना, बरका. तिसरा पेला आशीर्वादाचा, तो टाळून उठायचं नसतं. उपाशीपोटी तीन पेले प्यायल्यावर आत्याने मला सातच्या पाढ्यापासून एकोणतिसापर्यंत सगळे पाढे म्हणून दाखवले.

संध्याकाळी हॉटेलच्या मुलाला चंद्रोदय विचारला. त्याने फोनवर बघून सांगितलं, "तीन वाजता."

"पहाटे तीन?" आत्या खुर्चीत बसली.

इथे घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि रात्री नऊ म्हणजे त्यांचे तीन. हे कळेपर्यंत आत्याने मला, विमान कंपनीला आणि चंद्राला एकेक करून बोल लावले होते.

नवाला चंद्र उगवला. गूळपोळीचा नैवेद्य झाला. आत्या म्हणाली, "आता खाली जाऊन शिरो सांग. आणि त्यांना म्हणावं, तिखट कमी करू नका."

मेतकुटाची पिशवी न उघडता परत आली.