बंडूने लिंबाची पाने खाल्ली तर

ती. आई-बाबांस शि. सा. न.

लिंबाचे किंवा संत्र्याचे झाड चावल्याने कुत्रा आजारी पडू शकतो. जिवावर बेतण्याची वेळ सहसा येत नाही. रविवारी फोनवर विचारलेल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर एवढेच. सविस्तर उत्तर कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये बसेल तेवढे पुढे दिले आहे.

लिंबू, संत्रे, मोसंबी आणि ग्रेपफ्रूट ही एकाच कुळातली भावंडे. त्यांच्या पानांत आणि सालींत लिमोनीन, लिनालूल ही सुगंधी तेले आणि सोरालेन नावाची द्रव्ये असतात. गरात ती फार कमी. म्हणून सोललेली, बिया काढलेली संत्र्याची फोड बहुतेक कुत्र्यांना बाधत नाही. साल आणि पाने बाधतात. उलट्या, जुलाब आणि मरगळ ही मुख्य लक्षणे. सोरालेनमुळे कधीकधी उन्हात कातडीची आग होते. पैकी मरगळ हे लक्षण आमच्या बंडूच्या बाबतीत ओळखणे कठीण आहे, कारण ज्या बंडूकाकांवरून नाव ठेवले त्यांच्याप्रमाणेच तोही जेवणानंतर सोफा सोडत नाही. (काकांचा राग अजून गेला नसल्यास हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवू नये.)

कडू चव आणि उग्र वास यांमुळे जाणता कुत्रा सहसा दुसरा घास घेत नाही. पिल्लांना मात्र पायपुसणे आणि लिंबाची फांदी यांत फरक वाटत नाही. त्यांच्या तोंडाला काटे लागतात आणि सालीचा मोठा तुकडा आतड्यात अडकू शकतो. झाडापेक्षा झाडाखाली टाकलेले औषध अधिक घातक. गोगलगायी मारण्याच्या गोळ्यांत मेटाल्डिहाइड असले आणि त्या कुत्र्याने खाल्ल्या, तर झटके येतात आणि प्राणही जाऊ शकतो.

इथे कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत लिंबाच्या झाडाचा खरा त्रास कुत्र्याला नसून मालकाला आहे. लिंबूवर्गाला एचएलबी नावाचा असाध्य रोग होतो आणि एक चिमुकला कीटक तो पसरवतो. हा कीटक कॅलिफोर्नियात 2008 मध्ये आढळला, रोग 2012 मध्ये. तेव्हापासून रोग सापडलेल्या भागाभोवती क्वारंटाइन लावतात. त्या पट्ट्यात परसातले लिंबू घराच्या आवाराबाहेर नेण्यास मनाई असते. आवारात बसून खाण्यास परवानगी असते. म्हणजे झाडाला शंभर लिंबे लागली तरी पलीकडच्या गल्लीतल्या देशपांडेकाकूंना चार देणे हा नियमभंग. काकूंनी सरबत हवे तर येथे येऊन प्यावे, पेला धुऊन ठेवावा आणि रिकाम्या हाताने परत जावे. या नियमाचे अक्षरशः पालन करणारा घरातला एकमेव सदस्य बंडू. तो जे खातो ते आवारातच खातो.

कढीपत्ताही याच कुळातला आणि तोच कीटक त्यावरही पोसतो. सुमनमावशीने पोह्यांच्या पिशवीत लपवून कढीपत्ता पाठवण्याचा बेत रद्द करावा. विमानतळावर सामान हुंगणाऱ्या बीगल कुत्र्यांची तुकडी लॉस एंजेलिसमध्ये 1984 साली सुरू झाली. बंडू याच जातीचा, परंतु सरकारी नोकरीची त्याला इच्छा दिसत नाही.

पाने खाल्लीच, तर तोंडातले तुकडे काढावेत, पाणी प्यायला द्यावे आणि काय व किती खाल्ले ते पाहून पशुवैद्याला विचारावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवणे हा आजीचा उपाय कुत्र्यावर करू नये. जास्तीचे मीठ स्वतःच विष ठरते. रात्री तातडीच्या दवाखान्यात नुसते तपासून घ्यायचे शंभर डॉलरच्या वर जाऊ शकतात, म्हणजे आठ हजार रुपयांहून अधिक. त्यात औषध नाही. बाबांनी हा आकडा दोनदा वाचून "जनावराला?" असे विचारू नये. माणसांचा आकडा या पत्रात मुद्दामच दिलेला नाही.

आता पार्सलाविषयी. ते पोचले. लिंबाच्या लोणच्याची बरणी फुटलेली नाही. खरा धोका लाडवांत निघाला. बेदाणे आणि द्राक्षे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ले म्हणजे सुरक्षित याचा भरवसा देता येत नाही. त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असा पशुवैद्यांचा कयास आहे. हे आम्ल चिंचेतही भरपूर, म्हणून चिंचगुळाची आमटीही बंडूला वर्ज्य. कांद्याने त्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, त्यामुळे भजीही बाद. सारांश, परसातल्या लिंबापेक्षा महाराष्ट्रीय स्वयंपाकघर कुत्र्याला अधिक जोखमीचे. लाडू वरच्या फळीवर ठेवले असून तेथून ते माणसेच कमी करत आहेत.

आता घरच्या बाकी गोष्टी. वसंतदादांच्या भाडेकरूने गच्चीवर पत्रा घातला, यावर येथील मत असे की दादांनी आधी करारनामा शोधावा. नमूच्या साखरपुड्याची तारीख परीक्षेच्या आठवड्यात धरू नये. मंगलवहिनींची सून बोलत नाही असे नाही. वहिनी थांबत नाहीत.

लिंबाचे पान चुरगळल्यावर येणाऱ्या वासाचा परिणाम माणसांवरही होतो. परसदार, धुण्याचा दगड आणि आईची हाक एकदम आठवते आणि काही वेळ कामात लक्ष लागत नाही. हे अंगणातल्या झाडाला पाणी घालताना बहुधा संध्याकाळी घडते. यावर इथल्या दवाखान्यांत औषध नाही. पार्सलाने थोडा उतार पडतो.

तरी पुढच्या खेपेस लाडू बेदाण्यांशिवाय, वेलदोडा जास्त घालून पाठवावेत. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, बंडूकाकांस विशेष नमस्कार.