डाउनलोड न करता ‘प्लस वन’

ओपन सोर्सच्या जगात आज सगळ्यात स्वस्त मिळतो तो ‘प्लस वन’, म्हणजे होकाराचं मत. एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती यायची असते. रिलीज मॅनेजर रिलीज कँडिडेट, म्हणजे पक्की होण्याआधी तपासायला दिलेली आवृत्ती, मांडतो, मतदान सुरू झाल्याचं कळवतो आणि पाचव्या मिनिटाला पहिला होकार येऊन पडतो. बांधणी कुठल्या मशीनवर केली, जावाची की पायथनची कुठली आवृत्ती होती, चाचण्या चालवल्या का, यातलं काहीही सोबत नसतं. मोठ्या लायब्ररीच्या चाचण्या एकदा पूर्ण चालवायलाच पाच मिनिटांहून जास्त वेळ लागतो. म्हणजे हा होकार तपासून दिलेला नाही, रिलीज मॅनेजर चांगला माणूस आहे म्हणून दिलेला आहे. सोसायटीच्या सभेत ताळेबंद न उघडता हात वर करावा, तसा. असल्या होकाराचा कोणालाही उपयोग नाही, आणि तो देणाऱ्याने मत न दिलेलंच बरं.

नियम मोघम आहेत अशीही सोय नाही. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या प्रकल्पांत प्रकाशनासाठी व्यवस्थापन समितीतल्या किमान तीन सदस्यांचे होकार लागतात, ते नकारांपेक्षा जास्त असावे लागतात, आणि मतदान साधारणपणे किमान ७२ तास खुलं ठेवतात. होकार देणाऱ्या सदस्याने काय करायचं हेही लिहून ठेवलेलं आहे. सही केलेलं सोर्स पॅकेज स्वतःच्या मशीनवर उतरवायचं, सही पडताळायची, परवान्याच्या अटी पाळल्या आहेत का ते बघायचं, पॅकेज जसं दिलंय तसं कंपाइल करायचं आणि चालवून पाहायचं. एकट्याच्या नकाराने प्रकाशन अडत नाही. त्यामुळे नकार देणारा बिचारा लॉग जोडतो, पायऱ्या लिहितो, इतरांना पटवत बसतो. होकार देणाऱ्याकडे मात्र कोणी काही मागत नाही. ही रीत उलटी आहे. होकारालाही पुरावा मागायला सुरुवात करा.

‘सीआय (आपोआप चालणाऱ्या चाचण्या) हिरवी आहे, मग आणखी काय बघायचं?’ असं विचारणाऱ्यांनी मार्च २०२४ आठवावा. एक्सझेड हा डेटा आवळून लहान करणारा प्रकल्प. त्याची लायब्ररी लिनक्सच्या बहुतेक यंत्रांत असते. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कोणीतरी तिथे दोनेक वर्षं निमूटपणे उपयोगी काम केलं, थकलेल्या मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला, प्रकाशनाचे अधिकार हाती घेतले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. तो कुठे लपवला होता ते नीट समजून घ्या. घातक भाग चाचणीच्या फायलींचं रूप घेऊन गिट रिपॉझिटरीत पडून होता. बांधणीच्या वेळी त्याला जागं करणारी स्क्रिप्ट मात्र फक्त प्रकाशनाच्या टारबॉलमध्ये, म्हणजे लोकांना उतरवायला दिलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात, होती. रिपॉझिटरीची प्रत्येक ओळ डोळ्यांत तेल घालून वाचली असती, तरी ती स्क्रिप्ट सापडली नसती. सीआय चालते ती बहुधा रिपॉझिटरीवर. लोकांच्या यंत्रांत जातो तो टारबॉल. एक वाचायचं आणि दुसरं बसवायचं, हा कारभार वर्षानुवर्षं चालला होता आणि फारशा कोणाला ते खटकलं नव्हतं.

पकडलं कोणी? पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते आंद्रेस फ्रॉइंड. डेबियनच्या अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जादा लागतोय, हे त्यांच्या लक्षात आलं. अर्ध्या सेकंदाचं काय एवढं, म्हणून त्यांनी विषय सोडला नाही. माग काढत लायब्ररीपर्यंत पोचले आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. डेबियन आणि फेडोराच्या चाचणीच्या आवृत्त्यांत तो चोरदरवाजा शिरला होता, स्थिर आवृत्त्यांत अजून नव्हता. अपुरं सॉफ्टवेअर आपल्या यंत्रावर चालवणारा, आणि खटकलं तर खोदणारा एक माणूस होता म्हणून जग वाचलं. रिलीज कँडिडेट तपासण्याचं काम याहून वेगळं नाही.

म्हणून पहिली तपासणी ही: टारबॉल उघडा, त्याच टॅगवरची रिपॉझिटरी शेजारी ठेवा आणि दोन्हींतला फरक काढा. जास्तीची प्रत्येक फाइल का आहे याचं उत्तर रिलीज मॅनेजरकडून घ्या. ‘ती आपोआप तयार होते’ हे उत्तर पुरेसं नाही. कशाने होते, ते विचारा आणि स्वतः तयार करून पाहा.

आता जावा प्रोग्रॅमचे लॉग लिहिणारी अपाचेची लॉगफोरजे ही लायब्ररी. तिथलं दुखणं निराळं, आणि मला जास्त बोचणारं. ज्या सोयीमुळे डिसेंबर २०२१ मध्ये अर्धं इंटरनेट उघडं पडलं, ती २०१३ सालच्या बीटा आवृत्तीत आली होती. लॉगमध्ये लिहायच्या मजकुरात ठरावीक चिन्हं आली की लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरकडे जाऊन तिथून मिळेल ते आणायची. त्यानंतर २.० या आवृत्तीचे दोन रिलीज कँडिडेट निघाले, २०१४ मध्ये पक्की आवृत्ती आली, पुढे सात वर्षं गेली. सह्या बरोबर होत्या, चाचण्या पास होत्या. ‘लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीला नेटवर्कवर जायचं कारणच काय?’ हा प्रश्न त्या वाटेवर कोणी लावून धरला नाही. रिलीज कँडिडेट तपासणाऱ्याचं खरं काम तिथे आहे. बांधणी झाली का, हे यंत्रही सांगतं. ही सोय इथे असावी का, हे माणसानेच विचारायचं असतं.

आणि मग घाई आली. भेद फुटला, सगळ्या जगाला पॅच हवा होता. २.१५.० चा पहिला कँडिडेट चकवता येतो असं दिसलं, म्हणून लगेच दुसरा काढावा लागला. आवृत्ती बाहेर पडली आणि काही सेटिंग्जमध्ये ती दुरुस्तीही अपुरी असल्याचं निघालं. महिना सरायच्या आत २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ आल्या. हे काम करणारे बहुतेक जण स्वयंसेवक होते, पोटापाण्याची नोकरी सांभाळून रात्री जागणारे. त्यांना त्या आठवड्यांत शिव्या घालणाऱ्या कंपन्यांपैकी किती जणांनी त्याआधी एखादा तरी कँडिडेट उतरवून पाहिला होता? हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या कंपन्यांनाही आहे. लायब्ररी फुकट घ्यायची, तिच्यावर पगारबिलं आणि बँकेचे व्यवहार चालवायचे, आणि तपासायची वेळ आली की ते काम ‘कम्युनिटी’चं. मग तुम्ही कोण?

कधी कधी बदल डोळ्यांना दिसतही नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये युनिकोडच्या आयसीयू या (तारखा, वेळा, अंक त्या-त्या भाषेत मांडणाऱ्या) लायब्ररीच्या ७२ व्या आवृत्तीबरोबर इंग्रजी वेळेत ‘एएम-पीएम’च्या आधी असलेल्या साध्या स्पेसच्या जागी एक अरुंद, न तुटणारी स्पेस आली. छपाईच्या दृष्टीने निर्णय योग्यच. पण संगणकाला ते वेगळं अक्षर. तो बदल जावा २० मध्ये, क्रोम आणि नोडच्या नव्या आवृत्त्यांत पोचला आणि वेळेचा मजकूर वाचणारे प्रोग्रॅम जागोजाग अडखळले. क्रोमच्या इंजिनाला शेवटी जुनी स्पेस परत आणावी लागली. आपला कोड नव्या आयसीयूच्या कँडिडेटवर एकदा चालवला असता, तर हे ज्याचं त्याला आधीच कळलं असतं.

याच आयसीयूत आपली मराठीही आहे, आणि तिची काळजी दुसरं कोणी घेणार नाही. युनिकोडच्या माहितीसाठ्यात मराठीचे डिफॉल्ट अंक देवनागरी धरले आहेत, हिंदीचे इंग्रजी (1, 2, 3). एक लाख लिहिताना स्वल्पविराम १,००,००० असाच पडतो का? नावांची यादी लावली तर ‘ळ’ हा ‘ह’च्या नंतर येतो का? अक्षरं मांडणारी हार्फबझ ही वेगळी लायब्ररी. तिच्या नव्या आवृत्तीत ‘दऱ्या’मधला र आणि ‘सूर्या’मधला रफार वेगळे उमटतात का? कॅलिफोर्नियातल्या किंवा म्युनिकमधल्या अभियंत्याला हा फरक कळणार कसा? तो कळतो नाशिकच्या, लातूरच्या, मडगावच्या विद्यार्थ्याला. सी प्लस प्लस येत नसलं तरी चालेल. मराठी मजकूर टाकायचा, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं ते आवृत्तीच्या क्रमांकासह लिहून कळवायचं. हे पहिल्या प्रतीचं परीक्षण आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रकल्पाच्या नावाखाली तीच ती ग्रंथालय-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअरं दरवर्षी होतात. त्याऐवजी एका सत्रात एका लायब्ररीचा कँडिडेट तपासून त्याचा अहवाल मागा. मुलं जास्त शिकतील.

तपासल्याने होतं काय, हेही सांगतो. पायथन ३.१३ ठरल्याप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ ला यायचं होतं. त्यातली मेमरीतला कचरा गोळा करणारी नवी यंत्रणा काही कामांत पायथनला मंद करते, हे दुसऱ्या कँडिडेटनंतर समोर आलं. मंडळींनी तारखेचा हट्ट धरला नाही. तो बदल मागे घेतला, १ ऑक्टोबरला तिसरा कँडिडेट काढला, आणि पक्की आवृत्ती ७ ऑक्टोबरला आली. सहा दिवसांचा उशीर. यात लाजण्यासारखं काही नाही. रिलीज कँडिडेट असतो तोच मुळी मागे घेता यावा म्हणून. आपल्याकडे मात्र तारीख चुकली की मॅनेजरचा चेहरा उतरतो आणि बग घेऊन गेलेली आवृत्ती वेळेवर गेली म्हणून टाळ्या पडतात. हे बंद व्हायला हवं.

रिलीज मॅनेजरांना एक सांगायचं आहे. तीन होकार जमले की लगेच गाडा पुढे ढकलू नका. होकार देणाऱ्याला विचारा: कुठे चालवलंस, काय पाहिलंस? उत्तर आलं नाही तर ते मत मोजण्याआधी थांबा. कोणी नकार दिला तर आधी त्याचे आभार माना, मग वाद घाला.

आणि कंपन्यांतल्या टीम लीडरना विनंती. तुमचं उत्पादन ज्या पाच लायब्ररींवर उभं आहे त्यांची नावं काढा. त्यांचा पुढचा कँडिडेट आला की टीममधल्या एकाला अर्धा दिवस मोकळा द्या. कँडिडेट तुमच्याच कोडवर, तुमच्याच डेटावर चालवायला सांगा, आणि जे दिसेल ते, ‘सगळं ठीक चाललं’ हेसुद्धा, मशीन आणि आवृत्तीच्या तपशिलासह त्या प्रकल्पाला कळवायला सांगा. हा अर्धा दिवस टाइमशीटमध्ये रीतसर लिहा, सुट्टीच्या दिवशी करून घेऊ नका.