छाती छत्तीस, बाकी अंदाजे

शिंप्याकडे माप देणं हा जाहीर कार्यक्रम आहे, हे डोंबिवलीच्या बायकांनी केव्हाच मान्य केलंय. काउंटरवर ब्लाउजपिसांचे ढीग, मागे फॉल-पिकोच्या मशीनची घरघर, आणि मास्टर टेप ताणून पोऱ्याला खणखणीत आवाजात सांगतात, "छाती छत्तीस, कंबर बत्तीस, दंड साडेबारा, लिही." फुटपाथवर भाजी निवडणाऱ्यांनाही आपला तपशील समजतो. याला माझी हरकत नाही. ज्या कारागिराने ब्लाउज शिवायचा त्याला तो समजत नाही, एवढीच तक्रार आहे.

कारण मापं घेतली जातात सगळी, वापरलं जातं एकच. शिवणक्लासात खाकी कागदावर ड्राफ्टिंग शिकवतात तेव्हा बरंच काही छातीच्या मापावरून काढतात. छातीचा बारावा हिस्सा म्हणजे गळ्याची रुंदी. छाती छत्तीस, म्हणून माझा गळा तीन इंच. नवशिक्यांसाठी ही सोय उत्तम आहे. पण तीस वर्षं कात्री चालवलेल्या मास्टरांनी समोर उभ्या असलेल्या बाईपेक्षा भागाकारावर जास्त विश्वास ठेवावा, हे जरा जिव्हारी लागतं. वर्षानुवर्षं एकाच खांद्यावर पर्स, डबा आणि छत्री लटकवून लोकलमध्ये चढणाऱ्या बाईचे दोन खांदे एका पातळीत कसे राहतील? मास्टर मात्र कापड दुमडून एकदाच कापतात. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या निघतात, फक्त मी तशी निघत नाही.

सगळ्यात मोठा वाद मुंढ्याचा. हात वर केला की ब्लाउज वर चढतो, असं मी सांगितलं. मास्टर म्हणाले, "मुंढा घट्ट झालाय, खाली उतरवून देतो." उतरवला. आता हात वर केला की ब्लाउज आणखी वर चढतो. खरं तर मुंढा काखेच्या जितका जवळ, तितका हात मोकळा. तो खाली गेला की बाही आणि बाजूची शिवण एकमेकींना बांधल्यासारख्या होतात आणि हाताबरोबर सगळं अंग वर ओढलं जातं. हे शिवणाच्या कुठल्याही बऱ्या पुस्तकात सापडेल. सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात, वरची कडी धरलेल्या बाईकडे पाहूनही सापडेल. पण मास्टर डोंबिवलीतच राहतात आणि दुकानात चालत येतात.

मापं देण्याचा त्रास नको म्हणून मग "मापाचा ब्लाउज" मागतात. हा ब्लाउज आधीच्या मापाच्या ब्लाउजवरून शिवलेला असतो आणि तो त्याच्याही आधीच्या. म्हणजे सध्या माझ्या अंगावर जो ब्लाउज आहे तो माझ्या लग्नाआधीच्या देहयष्टीचा थेट वंशज आहे. घराण्याची परंपरा म्हणून डाव्या बाहीला पडणारी चुणीही त्याने जपली आहे.

तयार कपड्यांसाठी परदेशी साइझची कोष्टकं वापरावी लागतात, म्हणून केंद्र सरकारने निफ्टकडून पंचवीस हजार भारतीयांची मापं स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. आमच्या मास्टरांना इतक्या लोकांची गरज पडलेली नाही. त्यांच्याकडे एकच बाई आहे. ती टिळकनगरच्या बाजूला कुठेतरी राहत असावी. तिचे दोन्ही खांदे समान आहेत, पाठीला पोक नाही, दंड भागाकाराने येतो तेवढाच आहे, आणि दुकानातला प्रत्येक ब्लाउज तिला चपखल बसतो. माझेसुद्धा.

भाचीच्या लग्नासाठी पैठणीचा ब्लाउज टाकताना मी जरा जपून होते. साडीतलंच ऐंशी सेंटिमीटरचं कापड. चुकलं तर दुकानात दुसरं मिळत नाही. म्हणून विनंती केली की आधी मांजरपाटावर कच्चं शिवून घालून पाहू, खुणा करू, मग पैठणीला कात्री लावा. चांगले कपडे बेतणारे लोक जगभर हेच करतात. मास्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. मापं घेताना मी "ताई" होते. आता म्हणाले, "काकू, मांजरपाटाची शिलाई वेगळी पडेल. आणि दसऱ्यानंतर या, आता ऑर्डर बंद." मी माघार घेतली आणि निदान आत भरपूर माया ठेवा म्हणाले. त्यांनी ठेवली, पाठीला. दंडाला, जिथे ती लागणार होती, तिथे शिवणीला जेमतेम सूतभर कापड.

लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउज मिळाला. गळा तीन इंच. हूक लागले, पण श्वास घेण्याचा विषय बाजूला ठेवावा लागला. संध्याकाळी उसवून परत शिवून दिला. पावतीवर शिलाई, अस्तर, हूक-काजं, आणि त्याखाली अल्टरचे दीडशे रुपये.

"हे कशाचे?" मी विचारलं.

"अल्टरचे."

"पण चूक तर तुमची ना?"

मास्टरांनी वही उघडली, माझ्या नावापुढच्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "मापं कोणाची आहेत, काकू?"