भूमध्य समुद्र, मुक्काम पोस्ट जुन्नर

जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या माणसाने समुद्रगुहांत स्कूबा करायला भूमध्य समुद्रावर जाण्याचं काही कारण नाही, असं आमचं ठाम मत आहे. यात देशाभिमान नाही, आणि विमानाच्या तिकिटाचा हिशेबही नाही. हा निव्वळ मालाच्या तुलनेचा प्रश्न आहे. सार्डिनियात आल्गेरोजवळ नेरेओ नावाची प्रसिद्ध समुद्रगुहा आहे. तिथे गिऱ्हाइकाला मिळतं काय? पोटात अंधार असलेला खडक, अंग आखडणारं पाणी, मोजून दिलेली हवा आणि परतीची वाट सापडेल ना ही धाकधूक. ही हवा म्हणजे ‘ऑक्सिजनची टाकी’ असं आपल्याकडे समजतात. वास्तविक त्या टाकीत बहुतेक वेळा साधी हवाच दाबून भरलेली असते, जी नारायणगावच्या एसटी स्टँडवर फुकट मिळते. उरलेल्या तीन वस्तू दोन तालुक्यांच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून मिळतात, एवढंच आम्हाला सिद्ध करायचं आहे.

पहिली वस्तू गुहा. भूमध्य किनाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी चुनखडीचा दगड आहे, आणि चुनखडी पाण्यात खडीसाखरेसारखी हळूहळू विरघळते. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती. तेव्हा या गुहा कोरड्या होत्या, त्यांत झुंबरं लोंबली, माणसं राहून गेली. मग बर्फ वितळलं आणि दारं बुडाली. मार्सेयजवळच्या कोस्केर गुहेचं तोंड आज पाण्याखाली 37 मीटरवर आहे. आँरी कोस्केर या पाणबुड्याने 1985 मध्ये ती शोधली, आणि आत हजारो वर्षांपूर्वी रंगवलेले घोडे आणि हातांचे ठसे निघाले. आपल्याकडचा बेसॉल्ट असा विरघळणारा नव्हे. जुन्नरला निसर्गाने सोपी कामं ठेवली नाहीत, म्हणून ती छिन्नीने करावी लागली. शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री मिळून दोनशेच्या आसपास खोदकामं आहेत. तिकडे सगळं पाण्याने केलं, माणसाने फक्त रंगकाम केलं. इथे माणसाने आधी गुहा खोदली, आणि मग पाणी नाही हे लक्षात आल्यावर शेजारी टाकंही खोदलं.

इथे पहिला आक्षेप येतो: लेणी डोंगरावर आणि कोरडी, मग स्कूबाचा संबंध काय? संबंध दमाचा आहे. गुहेत उतरणाऱ्या पाणबुड्यांचा एक नियम असतो. एक तृतीयांश हवा जाताना वापरायची, एक तृतीयांश परतताना, आणि उरलेली राखून ठेवायची. लेण्याद्रीला पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. भाविक पहिल्या शंभरातच तिन्ही तृतीयांश संपवतो आणि राखीव साठ्यासाठी काकडीवाल्याशेजारी बसतो. वर गेल्यावर गिरिजात्मजाचा मंडप पाहावा. एवढ्या रुंद सभागृहात एकही खांब नाही. डोक्यावरचा अख्खा डोंगर कशाच्या भरवशावर थांबला आहे, हा विचार मनात आला की खोल पाण्यात छातीवर येणारा दाब इथे कोरड्यातच अनुभवता येतो. आणि ज्याला गुहेत शब्दशः पाणीच हवं, त्याने जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरहून टोलार खिंडीतून हरिश्चंद्रगडावर जावं. गड अकोले तालुक्यात मोडतो, पण पाण्याला तलाठी विचारत नाहीत. तिथल्या केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच धड उभा आहे, आणि मधल्या पिंडीला प्रदक्षिणा घालायची तर कमरेएवढ्या गारठवणाऱ्या पाण्यातून. मार्सेयला यासाठी वेटसूट देतात, इथे मनाची तयारी पुरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कितीही ओढाताण केली तरी जुन्नर म्हणजे भूमध्य समुद्र नव्हे. मान्य. पण ही ओढाताण आम्ही सुरू केलेली नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी मार्गदर्शकात कल्याण बंदराचा उल्लेख आहे. कल्याणहून घाटावर येणारी वाट नाणेघाटातून जुन्नरला चढत होती. घाटमाथ्यावरच्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि बाहेर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. जुन्नरच्या लेण्यांत दान देणाऱ्या यवनांचे, म्हणजे ग्रीक मुळाच्या लोकांचे, तीन लेख आहेत. इरिलने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भोजनमंडप दिला आणि चंदाने लेण्याचं दर्शनी काम. प्रवासाला निघालेल्या मराठी माणसाचा ‘जेवणाची सोय काय?’ हा प्रश्न चिटाने दोन हजार वर्षांपूर्वी निकालात काढला होता. यावर अभ्यासक म्हणतील की हे यवन ताजे उतरलेले प्रवासी नसावेत, पिढ्यान्‌पिढ्या इथेच मुरलेले असावेत. तसं असेल तर आमची बाजू उलट बळकट होते. ज्यांना आपल्या मूळ किनाऱ्याची पुरेपूर माहिती होती त्यांच्याच वंशजांनी जुन्नर पसंत केलं, आणि पैसे खर्चले ते पाण्याच्या टाक्यांवर.

तिसरा आक्षेप माशांचा: ते इथे कुठे आहेत? हा आक्षेप आम्हाला आंबेगावात घेऊन जातो. घोड नदीवर डिंभे धरण झालं आणि ज्या गावाने तालुक्याला नाव दिलं तेच गाव पाण्याखाली गेलं. कचेऱ्या घोडेगावात आहेत, नाव तळाशी आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुन्या गावाचे अवशेष उघडे पडतात. पाण्याखालची वस्ती पाहायला लोक परदेशी जातात, तशी ही घरचीच आहे, असं म्हणण्याचा मोह इथे होतो. पण तुलना इथे अडते. कोस्केर गुहा बुडाली ती बर्फ वितळल्याने, आणि त्याबद्दल कुणाला जाब विचारता येत नाही. आंबेगाव बुडालं ते कागदावर सही होऊन, आणि ज्यांच्या घरांवरून पाणी चढलं ती माणसं काठावर उभी होती. त्याच काठावरच्या आदिवासींनी पुढे ‘शाश्वत’ संस्थेच्या साथीने मासेमारीची सहकारी संस्था उभारली. तेव्हा मासे आहेत, पण ते काचेआडून बघायचे नसून कुणाच्या तरी घरच्या चुलीशी बांधलेले आहेत. उद्या इथे कुणी स्कूबा केंद्र काढलंच, तर तिकीट फाडण्याचा आणि ‘आज नाही’ म्हणण्याचा, दोन्ही हक्क या मंडळींकडे असावेत.

निळंशार पाणी आणि त्यातले रंगीत मासे आम्ही देऊ शकत नाही, हे कबूल. पण तेवढ्यासाठी तारकर्ली आहे. राज्याच्या पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र तिथे आहे, आणि पाण्यातून डोकं वर काढल्यावर सोलकढी मिळते, जी नेरेओजवळ मिळण्याची शक्यता कमी. एवढा युक्तिवाद ऐकूनही ज्या जुन्नरकराला भूमध्य समुद्रच गाठायचा असेल, त्याला आम्ही अडवणार नाही. त्याने फक्त रिकाम्या हाताने जाऊ नये. दोन टाकी, एक भोजनमंडप आणि एक दर्शनी भाग एवढी परतफेड गेली दोन हजार वर्षं राहिली आहे.